कोकणातल्या दमट हवेत रेशीम: या चुका टाळा

गौरी आल्या की आमच्याकडे ट्रंक उघडते. गेल्या भाद्रपदात आईची पैठणी काढली, तर वरच्या घडीवर पांढुरके ठिपके आणि कुबट वास. मे महिन्यातलं लग्न उरकल्यावर मीच ती प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळली होती, ओल लागू नये म्हणून!

कोकणात ही चूक घरोघरी होते. रेशीम वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओलावा पिऊन बसतं, तरी हाताला ओलं लागत नाही. त्यामुळे ‘ठेवताना कोरडी होती’ याला काही अर्थ नाही. पिशवीत तो ओलावा कोंडतो आणि बुरशी धरते. लग्नात नेसलेली साडी दिवसभर पंख्याखाली पसरा, मग जुन्या, मऊ, खळ नसलेल्या सुती धोतरात बांधा. माघ-फाल्गुनात हवा कोरडी असते, तेव्हा उघडून घडी बदला. खरी जर म्हणजे रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा. घाम आणि दमटपणा लागला की चांदी काळवंडते. अत्तर जरीवर नकोच.

बुरशी दिसलीच तर ओल्या फडक्याने पुसू नका, ती आत चोळली जाते. ओटीवर सावलीत वाळवा, मऊ ब्रशने झटका आणि ड्रायक्लीनला देताना डाग कसले ते सांगा.

दुसरी चूक धुलाईची. रेशीम केसांच्या जातीचं, म्हणजे प्रथिन. कापसाशी त्याचं नातं नाही. तुतीचा पाला खात अळी साधारण पंचवीस दिवस वाढते, चारदा कात टाकते आणि तोंडाजवळून निघणाऱ्या एका अखंड धाग्याने कोष विणते. तो धागा हजार मीटरच्या घरात जातो. कोष गरम पाण्यात मऊ करून अनेक कोषांचे धागे एकत्र ओढतात. पुढे साबणाच्या पाण्यात उकळून त्यावरचा डिंक काढतात. वजन चौथ्या हिश्श्याने घटतं आणि चमक येते. मग तिथे साबण चालतो, घरी का नाही? तिथे जायला डिंक असतो. घरी तो उरलेला नसतो, धुण्याच्या पावडरीतला सोडा थेट धाग्यालाच खातो. आजोबांचं सोवळं आम्ही वर्षानुवर्षं पावडरीत धुतलं. आधी चमक गेली, मग घडीवर चिरलं. सोवळ्याला रिठ्याचं पाणी पुरे, वाळवण सावलीत. ब्लीच तर रेशीम विरघळवतं.

डांबराच्या गोळ्या फडक्यात बांधून कोपऱ्यात, साडीला टेकू देऊ नका.

खरेदीतली फसगत: ‘आर्ट सिल्क’मधला आर्ट म्हणजे कला नव्हे, कृत्रिम. पदराच्या टोकाचा एक धागा जाळा. केस जळल्यासारखा वास आणि बोटांत चुरणारी राख म्हणजे रेशीम. कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. टसर मात्र मळकट सोनेरी दिसतं म्हणून परत करू नका. गडचिरोली-भंडाऱ्याकडे ऐन-अर्जुनाच्या झाडांवर पोसलेल्या अळीच्या रेशमाचा तो मूळ रंग.

आमच्या पैठणीचे ठिपके गेले, वास दिवाळीपर्यंत रेंगाळला. पदरावरच्या एका मोराची मान अजून काळी आहे. आई म्हणते, निऱ्या सारून घेऊ.