ट्रूइंग स्टँड स्वस्त घ्यावा की महाग? आधी या चुका टाळा

ट्रूइंग स्टँड म्हणजे सायकलचं चाक अडकवून, फिरवून सरळ करायची चौकट. तिच्यावर चाकाचा आउट काढायला बसलं की तीन गोष्टी मोजाव्या लागतात. रिम डावी-उजवीकडे किती हलते तो आउट. वर-खाली किती उसळते तो जंप. आणि रिम हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या, दोन्ही टोकांच्या लॉकनटांच्या बरोबर मधोमध आहे का, ती डिश. वापरातल्या चाकाचा आउट ०.५ मिमीच्या आत असला की काम भागतं. नवं चाक बांधताना ०.२ मिमीपर्यंत न्यावं. एवढी अचूकता साध्या, स्वस्त स्टँडवरही मिळते. महाग स्टँडमध्ये पैसे जातात ते मुख्यतः वेगासाठी, मजबुतीसाठी आणि वेगवेगळ्या मापांची चाकं झटपट बसवण्याच्या सोयीसाठी. हे लक्षात न घेता केलेल्या खरेदीत पुढच्या चुका हमखास होतात.

चूक: गेज बघणं आणि पकड न बघणं

स्टँड थोडा वाकडा असला तर चालतो, सैल असला तर अजिबात चालत नाही. फीलर, म्हणजे रिमजवळ आणायचं ते टोक, किती नाजूक हलतं यापेक्षा एक्सल किती घट्ट धरला जातो हे आधी तपासा. सैल स्टँडवर पाना फिरवताना चाकच सरकतं. मग आताचा बदल निपल (स्पोक रिमला आवळणारं छोटं नट) फिरवल्यामुळे झाला की चाक हलल्यामुळे, हे कळायला मार्ग राहत नाही.

तपासणी पाच मिनिटांची आहे. एक चांगलं चाक बसवा. व्हॉल्व्हचं भोक फीलरसमोर आणा आणि फीलर रिमला जेमतेम घासेल इतका जवळ आणून ठेवा. फीलरला हात न लावता चाक काढा, परत बसवा आणि तीच जागा समोर आणा. असं तीन वेळा करा. घासण्याचा आवाज दरवेळी तितकाच आला तर स्टँड विश्वासाचा. कधी फट पडते, कधी रिम जोरात घासते असं झालं आणि फरक ०.२ मिमीच्या वर गेला, तर तो स्टँड घेऊ नका, कितीही स्वस्त असो. विकत घेऊन झाला असेल तर निदान बूड टेबलाला बोल्टने आवळा. पातळ पत्र्याच्या स्टँडची निम्मी थरथर तिथेच थांबते. पाना लावताना दुसऱ्या हाताने रिम धरायची सवयही लावून घ्या.

चूक: स्टँडच्या मध्यावर डोळे झाकून भरवसा

महाग स्टँडचे दोन्ही खांब एकत्र उघडतात-मिटतात, कॅलिपरही (दोन फीलरांचा चिमटा) दोन्ही बाजूंनी सारखाच सरकतो, म्हणून डिश आपोआप दिसते. पार्क टूल कंपनीच्या टीएस-२.२ स्टँडची रचना अशीच आहे. पण हा मध्य वापरात सरकतो. वर्षानुवर्षं धडाधड चाकं चढवलेल्या स्टँडचा मध्य परत जुळवावाच लागतो, आणि बरेच जण तो कधीच तपासत नाहीत.

स्वस्त स्टँडची अडचण वेगळी. एक्सल टेकवायच्या त्याच्या दोन खाचा अनेकदा एका उंचीवर नसतात. किती फरक पडतो बघा: हब १३० मिमी रुंद, आणि एका खाचेत रंगाचा १ मिमी गोळा साचलेला. ७००सी (रोड सायकलच्या नेहमीच्या मापाच्या) रिमची त्रिज्या साधारण ३११ मिमी, म्हणजे एक्सल तेवढा कलला की रिमच्या तळाशी चाक सुमारे २.४ मिमी एका बाजूला गेलेलं दिसतं. चाकात काहीच दोष नसताना माणूस अर्धा तास डिश ‘सुधारत’ बसतो आणि चांगलं चाक बिघडवतो.

उपाय दोन्ही स्टँडांना एकच: चाक उलटं करून बघा. डावा फीलर रिमला घासेपर्यंत आणा, चाक काढा, डावी बाजू उजवीकडे करून बसवा. फीलर जागचा हलवायचा नाही. आता १ मिमी फट दिसली तर डिश ०.५ मिमीने चुकली आहे, कारण उलटं केल्यावर चूक दुप्पट दिसते. स्टँडचा कल दोन्ही वेळा एकाच दिशेला असल्यामुळे वजा होतो. आउट आणि जंपला तर या कलाने काहीच फरक पडत नाही, कारण तिथे आपण रिमची तुलना रिमशीच करतो.

चूक: डायल गेजच्या आकड्यामागे धावणं

०.०१ मिमी दाखवणारी डायल छान वाटते, पण ती रिमबरोबर बाकी सगळंही मोजते: रिमचा सांधा, स्टिकरची कड, ब्रेकच्या पट्ट्यावरचा ओरखडा. सांध्यापाशी काटा उडाला म्हणून तिथले स्पोक आवळले की ताण बिघडतो, आणि चाकाचं आयुष्य ताणावर असतं. चांगल्या उजेडात, मागे पांढरा कागद धरला तर फीलर आणि रिममधली ०.२ मिमीची फट डोळ्यांना दिसते, आणि घासण्याचा आवाज त्याहूनही बारीक फरक सांगतो. दिवसाला अनेक चाकं बांधणाऱ्याला डायलचा उपयोग आहे. वर्षातून चार-सहा वेळा आउट काढणाऱ्याने ते पैसे दुसरीकडे लावावेत.

चूक: एक्सलचं माप न विचारणं

क्विक रिलीजचा, म्हणजे लिव्हरने आवळायच्या चाकाचा, पोकळ एक्सल पुढे ९ मिमी, मागे १० मिमी. थ्रू एक्सलचे (आरपार जाणाऱ्या जाड दांड्याचे) हब मात्र १२, १५ किंवा २० मिमीचे, आणि ते साध्या खाचेत नुसते टेकतात, बसत नाहीत. त्यांना अडॅप्टर लागतो. तो स्टँडबरोबर येतो का, हे विकत घेण्याआधी विचारा. रुंदीही मोजा: पुढे १०० किंवा ११०, मागे १३०, १३५, १४२, १४८, आणि फॅट बाइकला १९७ मिमीपर्यंत. ब्रेकची डिस्क न काढता चाक चढवायचं असेल तर २०३ मिमीची डिस्क खांबाला अडत नाही ना, हेही बघा. स्वस्त स्टँड सगळ्यात जास्त इथेच तोकडे पडतात. थ्रू एक्सलची दोन-तीन चाकं घरात असतील तर वरच्या वर्गातला स्टँड घेणं योग्य ठरतं, अचूकतेपेक्षा या एका कारणासाठी.

चूक: सगळे पैसे स्टँडवर, पाना मात्र कसलाही

अनेक मापांच्या खाचा असलेला गोल पाना निपलची कोपरं झिजवतो, आणि झिजलेलं निपल मग कुठल्याच स्टँडवर फिरत नाही. निपलची नेहमीची मापं ३.२३, ३.३० आणि ३.४५ मिमी. पार्क टूलच्या पान्यांत ती अनुक्रमे काळी, हिरवी आणि लाल. सर्वांत घट्ट बसणारा पाना तोच बरोबर. त्यानंतर स्पोकचा ताण मोजणारं टेन्शन मीटर घ्या. स्टँड रिमचा आकार दाखवतो, ताण दाखवत नाही. सरळ दिसणाऱ्या चाकात दोन शेजारचे स्पोक करकचून आणि तिसरा ढिला असू शकतो, आणि असं चाक महिन्याभरात पुन्हा आउट देतं. एकाच बाजूच्या स्पोकांचा ताण त्या बाजूच्या सरासरीच्या २० टक्क्यांच्या आत ठेवा. मीटर नसेल तर स्पोक तारेसारखे छेडून सूर ऐका. डावी बाजू डाव्याशी, उजवी उजव्याशी जुळवायची, कारण मागच्या चाकात दोन्ही बाजूंचा ताण मुळातच वेगळा असतो.

साधा, घट्ट स्टँड, नेमका पाना आणि टेन्शन मीटर हा संच एकट्या महाग स्टँडपेक्षा घरच्या कामाला सरस आहे.

स्टँडला दोष देण्याआधी

रीडिंग दर फेरीला बदलतंय? रिम धरून आडवी हलवा. हबचा कोन (बेअरिंग दाबून धरणारं नट) ढिला असेल तर बेअरिंगमधला ढिलेपणा आउटसारखा दिसतो. क्विक रिलीजच्या हबला थोडा ढिलेपणा मुद्दाम ठेवलेला असतो, लिव्हर आवळल्यावर तो जातो. म्हणून स्टँडवरही लिव्हर आवळूनच मोजा.

आउट काढला आणि सायकल पहिल्यांदा चालवताच ‘टिंग टिंग’ आवाज येऊन परत आला? स्पोक पिळले गेले होते. मध्ये १.५ मिमीचे बारीक स्पोक निपलबरोबरच फिरतात. स्पोकला चिकटपट्टीचा छोटा झेंडा लावा, पिळ लगेच दिसतो. हवं त्यापेक्षा थोडं जास्त फिरवून तेवढंच मागे घ्या, झेंडा जागेवर यायला हवा. शेवटी जोडीजोडीने समांतर स्पोक मुठीत घट्ट दाबा आणि पुन्हा मोजा.

आउट वाढतच चालला? दिशा उलटी झाली असेल. टायरच्या बाजूने बघितलं तर निपल घड्याळाच्या दिशेने आवळतं. रिम डावीकडे येत असेल तर उजव्या फ्लँजचे (हबच्या स्पोक अडकवायच्या चकतीचे) स्पोक आवळायचे, डावे तेवढेच सैल करायचे, एका वेळी पाव फेरा. नेहमीच्या निपलचा एक पूर्ण फेरा साधारण ०.४५ मिमी, म्हणजे पाव फेऱ्यात जेमतेम ०.११ मिमी. घाई करून अर्धा-अर्धा फेरा मारला की दोन स्पोकांपुढे नवा आउट तयार होतो.

जंप मोजताना टायर काढलेला हवा, नाहीतर रिमची कड दिसत नाही आणि आपण टायरची उसळी मोजत बसतो.

एवढं करूनही एका जागी आउट जात नसेल तर तिथले चार-सहा स्पोक पूर्ण सैल करा आणि फीलर लावून बघा. ताण नसतानाही रिम बाहेरच राहिली तर ती वाकलेली आहे. स्पोकांनी ओढून ती सरळ दिसेल, पण तिथला ताण कायम वेडावाकडा राहील. तिथे स्टँड स्वस्त की महाग हा प्रश्न उरत नाही, रिम बदलायची.