टेन्स मशीन रोज लावूनही दुखतंच? या चुका टाळा

"मॅडम, महिनाभर रोज लावतेय, पण काडीचा फरक नाही." गुडघेदुखीच्या एक आजी घरचं टेन्स मशीन, म्हणजे कातडीवर पॅड चिकटवून हलका करंट देऊन दुखणं दाबणारं यंत्र, पिशवीतून घेऊन आल्या होत्या. मी सुरू करून पाहिलं, मशीन व्यवस्थित चालत होतं. विचारलं, "करंट कितीवर ठेवता?" "दोनवर. शॉक बसला म्हणजे?"

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. मी पॅड लावून करंट हळूहळू वाढवत गेले. आधी काहीच नाही, मग बारीक मुंग्या, मग आजी म्हणाल्या, "आता चांगलंच जोरात लागतंय, पण सहन होतंय." तिथे थांबायचं. कोपर आपटलं की आपण ते चोळतो आणि बरं वाटतं, कारण स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेची वाट अडवतात. मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी 1965 मध्ये मांडलेला 'गेट कंट्रोल' सिद्धान्त तो हाच, आणि टेन्स मुख्यतः त्याच्यावर चालतं. मुंग्या जेमतेम जाणवत असतील तर वाट अडणार कशी? दहा मिनिटांनी शरीराला सवय होऊन मुंग्या विरल्यासारख्या वाटतात, तेव्हा करंट अजून थोडा वाढवायचा. मात्र चटके बसेपर्यंत नाही.

एकाच ठिकाणी चटका बसत असेल तर आधी पॅड बघा. कडेने उचकटलेला किंवा सुकलेला पॅड थोड्याशाच जागेत चिकटलेला असतो, मग सगळा करंट तिथूनच जातो. बाम किंवा तेल लावलेल्या पायावर तर पॅड धरतच नाही. आधी पाय साबणाने धुऊन कोरडा करा. पॅड गुडघ्याच्या वाटीवर लावू नका, दुखऱ्या जागेच्या दोन्ही बाजूंना लावा आणि एकमेकांना चिकटू देऊ नका. काढण्याआधी मशीन बंद करायचं, नाहीतर हमखास झटका बसतो. वापरून झालं की पॅड त्याच्या प्लॅस्टिकवर परत चिकटवा.

मोडची बटणं उगाच दाबत बसू नका. 80 ते 100 हर्ट्झवर (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला करंटचे किती ठोके) अर्धा तास, एवढ्यापासून सुरुवात करा. त्याने आराम पडतो, पण मशीन बंद केल्यावर लगेच दुखायला लागत असेल तर फिजिओला विचारून 2 ते 4 हर्ट्झवर, स्नायू फडफडतील इतक्या करंटवर लावून बघा.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते सांगते. मधुमेहामुळे पाय बधिर झालेले कितीतरी लोक "काही जाणवतच नाही" म्हणून करंट वाढवत नेतात आणि कातडी भाजून घेतात. जिथे बोट फिरवलेलं किंवा गार-गरम कळत नाही, तिथे पॅड लावायचाच नाही. पेसमेकर असेल तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय मशीनला हात लावू नका. गळ्यावर पुढून, छातीवर, जखमेवर आणि गरोदरपणात पोटावर पॅड नको. पोटरी अचानक सुजून लाल आणि गरम झाली असेल तर मशीन बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. ती रक्ताची गुठळी असू शकते.

टेन्सने झीज भरून येत नाही. कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नये, असं ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने 2016 मध्ये सांगितलं आहे. तरीही मी ते वापरायला सांगते, पण नुसतं लावून पडून राहण्यासाठी नाही. दुखणं दबलेलं असतं त्या अर्ध्या तासात हालचाल करता येते, म्हणून. आजींना तेच शिकवलं. मशीन चालू ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घ्यायची, गुडघ्याने ती खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं. असं दहा वेळा. मग मशीन कमरेला अडकवून घरातल्या घरात चार फेऱ्या. दोन आठवड्यांनी आल्या तेव्हा जिना चढून आल्या. लिफ्ट चालू होती.