देह बिघडवायचा, पण टप्प्याटप्प्यानं

जुन्या बॉडी हॉररचा, म्हणजे माणसाचा देहच विकृत होत जाणाऱ्या भयपटाचा, रिमेक करायचा असेल तर ‘द फ्लाय’ची दोन्ही रूपं लागोपाठ बघा. १९५८च्या चित्रपटात माणसाला एका जागेहून दुसरीकडे पाठवणाऱ्या यंत्रात त्याच्यासोबत माशीही शिरते, आणि माणूस बाहेर येतो तो थेट माशीचं डोकं घेऊनच. १९८६मध्ये दिग्दर्शक डेव्हिड क्रोननबर्गनं दोन्ही जीव जनुकांच्या पातळीवर एक केले. मग पाठीवर राठ केस उगवतात, नखं निखळतात, दात पडतात, कान गळून पडतो. कल्पना तीच राहिली, बदलला तो वेग; आणि त्या वेगामुळेच रंगभूषेला इतकं काम मिळालं. ख्रिस वॉलस आणि स्टीफन ड्युपुई यांना त्यासाठी ऑस्कर मिळालं.

हक्कांचं आधी बघा. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर ६० वर्षं चालतो, लेखकाचा त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे चित्रपट मोकळा झाला तरी मूळ कथा अडकलेली असू शकते.

पंधरा मिनिटांच्या लघुपटाला चार टप्पे पुरतात: फक्त रंग, मग त्वचेवर चिकटवायचे लहान कृत्रिम तुकडे, मग अर्धा चेहरा, शेवटी पूर्ण मुखवटा किंवा बाहुली. चित्रीकरण कथेच्या क्रमानं होत नाही, म्हणून तक्ता करा: दृश्य, कथेतला दिवस, टप्पा, लागणारे तुकडे. सिलिकॉनच्या तुकड्याची कागदासारखी पातळ कड उतरवताना फाटते, तो दुसऱ्या दिवशी चालत नाही. तिसरा टप्पा तीन दिवस असेल तर तीन संच आणि वर एक राखीव. बजेट कोलमडतं ते इथेच.

चेहऱ्याचा साचा घेताना कलाकाराला ताठ बसवा; आडवं झोपवलं तर गाल कानाकडे ओघळतात. भुवयांना व्हॅसलीन. साच्यासाठी अल्जिनेट लागतं, म्हणजे पाण्यात कालवल्यावर रबरासारखी घट्ट होणारी पूड. दातांच्या दवाखान्यातलं अल्जिनेट दोन-तीन मिनिटांत घट्ट होतं, त्यात पूर्ण चेहरा होत नाही. सहा-आठ मिनिटांचं संथ अल्जिनेट घ्या आणि उन्हाळ्यात थंड पाण्यात कालवा. वरून प्लास्टरच्या पट्ट्या. नाकपुड्यांत नळ्या खुपसू नका, नाकाचा आकार बिघडतो. त्याऐवजी एका माणसाला दुसरं काहीच काम न देता नाकपुड्यांवर नजर ठेवायला बसवा.

त्या साच्यात प्लास्टर ओतून निघालेल्या चेहऱ्यावर माती चढवून विकृती घडवायची, मग तिचा साचा घेऊन त्यात सिलिकॉन ओतायचं. शाडू चालते, फक्त वाळून तडकते, म्हणून ओल्या फडक्यात ठेवावी लागते. बारीक रंध्रांसाठी तेलाची माती बरी, मात्र ती गंधकविरहितच हवी. गंधक किंवा लॅटेक्सचे हातमोजे लागले की हे सिलिकॉन (प्लॅटिनम प्रकारचं) घट्ट न होता चिकटच राहतं, आठवडाभर थांबलात तरी. नायट्राइलचे मोजे वापरा आणि आधी कोपऱ्यात थेंबभर लावून बघा. दोन भागांत मिळणाऱ्या सिलिकॉनचं प्रमाण: ए भाग १०० ग्रॅम, बी भाग १०० ग्रॅम, मऊ करणारं डेडनर १०० ते १५० ग्रॅम. डेडनर जास्त झालं तर मांस छान थुलथुलतं, पण कडा हातात येतात. जिलेटिन स्वस्त आहे. मात्र मे महिन्यात दिव्यांखाली घामानं ते हनुवटीवरून वितळून खाली येतं. ते जखमेच्या एखाद्या शॉटपुरतंच ठेवा.

चिकट स्रावासाठी लिटरला २५ ग्रॅम मिथाइलसेल्युलोज, म्हणजे पाणी दाट करणारी पूड. थेट गार पाण्यात टाकलंत तर गुठळ्या होतात. आधी साधारण ८० अंशांच्या ३०० मिलिलिटर पाण्यात पसरवा, मग उरलेलं बर्फाचं पाणी ओता आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. ते गार झाल्यावरच विरघळतं. रक्ताला बेकरी साहित्याच्या दुकानातलं द्रव ग्लुकोज, लाल खाद्यरंग आणि चिमूटभर कोको. कोको नसेल तर रक्त सरबतासारखं दिसतं. सेटवर मुंग्या येणार, हे धरून चाला.

दिवा बाजूनं किंवा मागून द्या. समोरच्या सपाट उजेडात कडा उघड्या पडतात, तर बाजूच्या उजेडात ओलेपणा चमकतो आणि डोळा तिकडेच जातो. संगणकाचा वापर बाहुली हलवणाऱ्या तारा आणि हात चित्रातून पुसण्यापुरता.

तुकडे चिकटवायच्या गोंदाची चाचणी २४ तास आधी मनगटाच्या आतल्या बाजूला घ्या. उतरवायला पाऊण तास राखून ठेवा. गोंद सोडवणारं द्रावण ब्रशनं कडेखाली सरकवत जायचं, ओढायचं नाही. घाईत ओढलं तर कातडीही सोलते, आणि दुसऱ्या दिवशी त्या चेहऱ्यावर काहीच चिकटवता येत नाही.