उदासीन एक्सायटॉन की ट्रायॉन: शिखर ओळखताना

नाशिकच्या महाविद्यालयांत एम.एस्सी.चा प्रकल्प करणाऱ्यांना मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या एकस्तरीय पापुद्र्याच्या फोटोल्युमिनेसन्स वर्णपटात (म्हणजे प्रकाश पाडल्यावर पदार्थ स्वतः बाहेर टाकतो त्या प्रकाशाच्या वर्णपटात) एकमेकांना चिकटलेली दोन शिखरे दिसली, तर केवळ ऊर्जेवरून त्यांना नावे देऊ नयेत. एक्सायटॉन म्हणजे इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) यांची बांधलेली जोडी; ती उदासीन असते, पण तिला आणखी एक इलेक्ट्रॉन जोडला गेला की विद्युतभारित एक्सायटॉन, म्हणजे ट्रायॉन, होतो. ट्रायॉनचे शिखर उदासीन एक्सायटॉनच्या शिखराच्या खाली साधारण २० ते ४० मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टवर असते खरे. परंतु स्फटिकातील दोषांत अडकलेले एक्सायटॉनही कमी ऊर्जेलाच प्रकाशतात. खात्रीची कसोटी गेट व्होल्टेजची, म्हणजे नमुन्यातील इलेक्ट्रॉनांची संख्या कमी-जास्त करणाऱ्या विद्युतदाबाची, आहे: इलेक्ट्रॉनांची घनता वाढवत नेली की उदासीन शिखर क्षीण होत जाते आणि त्याच्या तुलनेत ट्रायॉन बळावतो, तर इलेक्ट्रॉन काढून घेतले की हे उलटते.

गेटची सोय नसेल, तर हवेकडे लक्ष द्यावे. हा पदार्थ बहुधा एन-प्रकारचा (जादा इलेक्ट्रॉन असलेला) असतो आणि पृष्ठभागावर बसलेले ऑक्सिजन व पाण्याचे रेणू त्यातील इलेक्ट्रॉन ओढून घेतात. म्हणून इथल्या श्रावणातल्या दमट हवेतील मोजमापाची उन्हाळ्यातील मोजमापाशी थेट तुलना करणे मला योग्य वाटत नाही. त्याच जागेचा वर्णपट आधी हवेत आणि नंतर निर्वातात, नमुना सौम्य तापवून व पुन्हा थंड करून, लेझरची शक्ती तीच ठेवून घ्यावा: हे रेणू निघून गेल्याने पदार्थात इलेक्ट्रॉन वाढतात, म्हणून निर्वातात उदासीन शिखराच्या तुलनेत वाढणारे शिखर ट्रायॉनचे असण्याची शक्यता मोठी असते.