सायन्सच्या वर्गाचा ब्लॉग चालवताय? या चुका टाळा

वर्गाचा ब्लॉग सुरू होतो धूमधडाक्यात आणि महिन्याभरात थंड पडतो, मग सगळे म्हणतात मुलांना लिहायचाच कंटाळा. पण बहुतेक वेळा घोळ विषय देण्यातच असतो. "प्रकाशसंश्लेषणावर पोस्ट लिहा" म्हटलं की मुलं विकिपीडियावरून उचलणार नाहीतर एआयकडून लिहून घेणार, दुसरं काय करणार? स्वतः बघितल्याशिवाय लिहिताच येणार नाही असं काहीतरी द्या. दोन ग्लासात बिया पेरा, एक उजेडात, एक बंद कपाटात, आणि कोणतं रोप उंच होईल आणि का, हा अंदाज त्याच दिवशी पोस्ट करायला लावा.

सगळ्यात मोठी चूक याच्या पुढे होते. बरीच मुलं लिहितात, उजेडातलं उंच होईल. आठवड्या-दहा दिवसांनी कपाट उघडलं की दिसतं उलटंच, अंधारातलं रोप लांबच लांब, बारीक, पिवळट (बीमधल्या साठ्यावर ते उजेडाच्या ओढीने नुसतं वाढत राहतं, हरितद्रव्य काही तयार होत नाही). मग मुलं गुपचूप एडिटमध्ये जाऊन जुना अंदाज बदलून टाकतात, आणि कधीकधी टीचरच सांगतात की चुकीचं राहू नये, दुरुस्त कर. प्लीज असं करू नका!! जुनी पोस्ट तारखेसकट तशीच राहू द्या आणि खाली भर टाकायला सांगा, मला काय वाटलं होतं, दिसलं काय, आणि आता मला कारण काय वाटतं. मार्क द्यायचेच तर या कारणाला द्या, शब्द मोजून तर अजिबात नको.

कमेंट्समध्ये नुसतं "छान", "मस्त" येत असेल तर नियमच करा की कमेंटमध्ये तपासता येईल असा एक प्रश्न हवा. "दोन्हीला पाणी सारखंच घातलंस का?" एवढा प्रश्न आला तरी प्रयोग सुधारतो. मुलांना खरं उदाहरण सांगा. डिसेंबर 2010 मध्ये आर्सेनिकसारखं विष वापरून एक जिवाणू वाढतो असा दावा करणारा पेपर 'सायन्स' या संशोधन-जर्नलमध्ये आला, नासाने पत्रकार परिषदही घेतली, आणि रोझी रेडफील्ड या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी काही दिवसांतच त्यातल्या त्रुटी आपल्या ब्लॉगवर मांडल्या, मग स्वतः प्रयोग केले, तेही ब्लॉगवर टाकत टाकत, आणि 2012 मध्ये त्यांचे विरुद्ध निष्कर्ष 'सायन्स'मध्येच छापून आले. मूळ पेपर 2025 मध्ये जर्नलने मागे घेतला. आणि हो, टीचरनी पहिली कमेंट करू नये, तुमचं उत्तर आलं की चर्चा तिथेच संपते.

फोटो धडाधड टाकले जातात पण शेजारी पट्टी ठेवलेली नसते, अँगल रोज वेगळा, मग वाढ मोजणार कशी? मुलांचे चेहरे, पूर्ण नावं नकोत, फोनच्या कॅमेऱ्याचं लोकेशन बंद ठेवा, पालकांची परवानगी सुरू करण्याआधीच घ्या आणि कमेंट तुम्ही पाहिल्याशिवाय दिसणार नाही अशी सेटिंग करा.

ज्यांच्याकडे फोन नाही ती मुलं हळूहळू गळतात, हे लक्षातही येत नाही. त्यांची नोंद वहीत होऊ द्या आणि टायपिंग सगळ्यांचंच शाळेत, गटात. एका आठवड्याला एकाच गटाची पाळी लावली तर तुम्हालाही प्रत्येक पोस्ट नीट वाचता येते, सगळ्या वर्गाच्या पोस्ट एकाच रात्री आल्या तर कोण वाचणार?