पाऊस पडला की ड्रेनेज उलटं येतं? आमच्याकडे कारण असं सापडलं

परळची जुनी इमारत. एरवी ड्रेनेज चेंबर ठणठणीत, पण जोराची सर आली की तळमजल्यावरच्या संडासातून पाणी वर. जेटिंगची (जोराच्या फवाऱ्याने पाइप साफ करणारी) गाडी बोलावून झाली, चोकअप काढून झाला. पैसे पाण्यात, अक्षरशः!

मग शेवटच्या चेंबरच्या झाकणाखाली अल्ट्रासॉनिक लेव्हल सेन्सर, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याची पातळी मोजणारं यंत्र, टांगला. वरूनच, विषारी वायू असतो, आत कुणी उतरायचं नाही. नोंद दर ५ मिनिटांनी. आधी कोरड्या दिवसांचा आलेख घेतला: सकाळी नळाला पाणी आलं की चढ, रात्री सपाट. त्यावर पावसाळी दिवसाचा ठेवला. सर येताच पातळी उडी मारायची, थांबताच उतरायची. भेगांतून झिरपणारं पाणी हळू चढतं आणि पाऊस गेल्यावरही रेंगाळतं. समुद्राच्या भरतीमुळे पाणी तुंबत असेल म्हटलं, तर त्या वेळाही जुळेनात. म्हणजे गच्चीचं पाणी थेट आत येत होतं.

उघडीप मिळताच गच्चीच्या एकेका पाइपात रंगीत पाणी ओतलं, चेंबरपाशी एक जण उभा. मागच्या पाइपाचा रंग चेंबरमध्ये उतरला. प्लंबरने तो जोड तोडला, चेंबरकडचं तोंड सिमेंटने बुजवलं आणि पाइप पावसाळी गटारात वळवला. मुंबईत सांडपाण्याची आणि पावसाच्या पाण्याची वाहिनी वेगळीच आहे.

सेन्सरच्या तोंडावर बाष्प साचलं की आकडे चुकतात, तेवढं पुसत राहा.