जुन्या धाटणीच्या मोटरसायकलसाठी टायरचे माप ठरवताना

जुन्या धाटणीच्या माझ्या मोटरसायकलचा मागचा टायर झिजला, तेव्हा मूळ ११०/९०-१८ या मापात मला हवी ती नक्षी मिळत नव्हती. अशा वेळी पुष्कळ जण सरळ १२०/९०-१८ बसवतात, कारण रुंद टायर देखणा दिसतो. मी मात्र आधी आकडेमोड केली. पहिला आकडा मिलिमीटरमधील रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या टक्केवारीत रिमपासून वर टायरची उंची आणि शेवटचा रिमचा इंचांतील व्यास असल्यामुळे मूळ टायरचा बाह्य व्यास सुमारे ६५५ मिमी भरतो, १२०/९०चा ६७३, तर १२०/८०चा ६४९. म्हणजे एका पर्यायात व्यास जवळजवळ पावणेतीन टक्के वाढतो, तर दुसऱ्यात तो एक टक्काही घटत नाही. म्हणून मूळ व्यासाच्या अधिक जवळचे १२०/८०-१८ हे माप पक्के केले.

विकत घेण्यापूर्वी रिमची रुंदी टायर-उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत बसते, आणि दोन्ही बाजूंना वाढणाऱ्या पाच-पाच मिलिमीटरनंतरही चेन व स्विंगआर्मपासून (मागचे चाक धरून ठेवणाऱ्या दांड्यापासून) अंतर उरते, याची खात्री केली. चेनचा ताण बदलताना चाक मागेपुढे सरकते, त्यामुळे हे अंतर चाक सर्वांत पुढे असताना मोजणे योग्य. नव्या टायरचा भारांक, म्हणजे तो किती भार पेलतो हे सांगणारा आकडा, ६२ (२६५ किलो) होता; तो मूळ ६१पेक्षा कमी नव्हता. टायरवर ट्यूबलेस लिहिले असले, तरी माझ्या तारांच्या रिममध्ये ट्यूब घालावीच लागली. स्पीडोमीटर पुढच्या चाकावर चालत असल्याने वेगाच्या नोंदीत काहीच फरक पडला नाही.